मी केलेला प्रवास : आईच्या किल्ल्यात



दरवर्षी जानेवारीत मी चौथीच्या वर्गाला 'मी केलेला प्रवास' हा निबंध देते. यंदाही दिला. एकतीस वह्या आल्या. त्यातली एकोणीस मुलं महाबळेश्वरला गेली होती! सगळ्यांची गाडी पहाटे पाचला निघाली, सगळ्यांना घाटात थंडगार वारा लागला आणि दिवस कसा संपला ते कुणालाच कळलं नाही. माझ्या वर्गातल्या मुलांची घरं मला माहीत आहेत. या एकोणीस जणांतली चार मुलंसुद्धा महाबळेश्वरला गेलेली नसतील.

त्यातल्या एकाला मी जवळ बोलावलं.

"कधी गेला होतास रे?"

"नाही गेलो, बाई."

"मग कुठे कुठे गेलायस आतापर्यंत?"

तो म्हणाला, मे महिन्याच्या सुट्टीत आईबरोबर दादरला जातो. पहाटेच्या लोकलने, मालडब्यातून. आईची मोगऱ्याची गाठोडी असतात. गाठोड्यावर ओलं फडकं असतं, ते सुकायला लागलं की आई बाटलीतलं पाणी शिंपडते. तो गाठोड्याला टेकून झोपतो. दादरला उतरताना आई त्याचा शर्ट मुठीत धरते, कारण तिचे दोन्ही हात भरलेले असले तरी दोन बोटं मोकळी असतात.

"अरे, मग हेच का नाही लिहिलंस?"

"बाई, तो प्रवास थोडीच आहे? ते काम आहे." मग जरा थांबून म्हणाला, "आणि खरं लिहिलं की कमी भरतं."

मला उत्तर सुचलं नाही. पंधरा ओळी झाल्याच पाहिजेत हा नियम माझाच. मागच्या बाकावरची एक मुलगी म्हणाली, "बाई, तुम्ही लिहा ना एक. खरं खरं." वर्ग हसला. मी म्हटलं, ठीक आहे, सोमवारी आणते. लगेच दुसरा ओरडला, "पालकांची सही पण पाहिजे!" तोही नियम माझाच.

आणखी एक गोष्ट इथेच सांगून टाकते. दिवाळीनंतरच्या पालकसभेत याच मुलाची आई मला म्हणाली होती, "बाई, मी चौथी शिकलेली. त्याचा अभ्यास मला काय कळणार?" मी वहीतून मान वर न करता म्हटलं होतं, "मग एखादा क्लास लावा." त्या दिवशी त्यात मला काहीच वावगं वाटलं नव्हतं.

आईची अट

शनिवारी संध्याकाळी आईकडे गेले. आई दादाकडे असते, आमच्यापासून दोन गल्ल्या पलीकडे. निबंधाची गंमत सांगितली. ती मेथी निवडत होती. निवडता निवडता म्हणाली, "मग मला उद्या किल्ल्यात ने."

किल्ला म्हणजे अर्नाळ्याचा किल्ला. वसईत किल्ला म्हटलं की लोकांना चिमाजीअप्पांनी जिंकलेला वसईचा किल्ला आठवतो. पण आमच्या घरात 'किल्ल्यात' म्हणजे अर्नाळ्यासमोरचं बेट. वैतरणा नदी समुद्राला मिळते तिथे ते आहे. बेटावर किल्ला आहे आणि किल्ल्याभोवती मच्छीमारांचं गाव आहे. गावाचं नावही अर्नाळा किल्लाच. आई तिथे जन्मली, तिथेच वाढली आणि लग्न होऊन वसईला पाचूबंदरला आली. आजी गेली तेव्हा, चौदा वर्षांपूर्वी, ती शेवटची किल्ल्यात गेली. पुढे मामाने बिऱ्हाड किनाऱ्यावर अर्नाळ्यात आणलं. नंतर कधीही विषय निघाला की आई म्हणायची, "आता तिथे कोण आहे?"

"उद्या सकाळी आठच्या आत किल्ल्यात पोचायला हवं," आई म्हणाली.

"आठला?" दादा वैतागला. "आठला पूर्ण ओहोटी असणार. होडी लांब उभी राहील, चिखलातून जावं लागेल. गुडघे दुखतात ना तुझे? दुपारी भरतीला जाऊ."

"उद्या तीज आहे. तीन पाऊण सव्वादोन. भरती सव्वादोनला, म्हणजे ओहोटी आठला. आठलाच जायचं."

माझा मुलगा तिसरीत आहे. त्याने विचारलं, "आजी, तीन पाऊण सव्वादोन म्हणजे?"

आईने त्याला मेथीच्या काड्या मांडून दाखवलं. पाऊणकी, म्हणजे पाऊणचा पाढा. एक पाऊण पाऊण, दोन पाऊण दीड, तीन पाऊण सव्वादोन, चार पाऊण तीन. जी तिथी असेल तिची पाऊणपट करायची, तेवढे वाजता भरती पुरी होते. अष्टमीला आठ पाऊण सहा, म्हणजे सहाला. अमावस्या-पौर्णिमेला बाराच्या सुमारास. भरतीपासून साधारण सहा तासांनी ओहोटी. मुलाने मोबाइलवर भरतीचं वेळापत्रक काढलं. आईच्या हिशोबात आणि त्यात वीसेक मिनिटांचा फरक निघाला.

मी चौथीला अपूर्णांक शिकवते. कागदाचे चार भाग करून तीन भाग रंगवायला लावते. पाऊण म्हणजे तीन चतुर्थांश हे मुलं पाठ म्हणतात. त्या पाऊणचं करायचं काय, हे मात्र त्यांना मी कधी सांगू शकले नव्हते. चंद्र रोज साधारण पन्नास मिनिटं उशिरा उगवतो, म्हणून भरतीही तेवढीच पुढे सरकते, आणि पाऊण तास म्हणजे पंचेचाळीस मिनिटं. हे कारण मी आईला सांगितलं. ती म्हणाली, "असेल. आम्हाला वेळेशी मतलब."

वाट

आमचा प्रवास झाला दादाच्या रिक्षातून. मुलांना हे आवडणार नाही, त्यांच्या निबंधात सगळे कारने जातात. पण चार माणसं, एक पाण्याची बाटली आणि आईची पिशवी, एवढ्याला रिक्षा पुरते. सकाळी सहाला निघालो तेव्हा अंधारच होता.

बंगली, गिरीज, निर्मळ, वाघोली, नंदाखाल, आगाशी, अर्नाळा. या रस्त्याने मी कितीदा तरी गेले असेन, पण आईला पुढे दादाशेजारी नाही, मागे माझ्याशेजारी बसवून पहिल्यांदाच. रविवार होता. निर्मळच्या अलीकडे देवळाच्या तळ्यावर धुकं होतं, आणि पुढे चर्चला निघालेली माणसं रस्त्याच्या कडेने चालत होती. केळीच्या वाड्या अजून आहेत, पण दोन वाड्यांच्या मध्ये आता सात मजली इमारत उभी असते. वाड्यांतली विहीर, विहिरीवर वाकलेला माड, भिंतीवर चढलेली पानवेल हे सगळं अधूनमधून दिसत होतं.

नंदाखाल सोडलं आणि आई बोलायला लागली. आगाशीपर्यंतचा हा रस्ता तिने पायी केलेला. तिची आई, जिला ती बय म्हणायची, आणि ती. किल्ल्यातून पहिल्या होडीने अर्नाळ्याला यायचं आणि डोक्यावर पाटी घेऊन आगाशीपर्यंत चालत यायचं. बयची पाटी मोठी, तिची लहान. पाटी गळायची, म्हणून अंगावर उजव्या बाजूला नेहमी माशांचं पाणी. आगाशीच्या बाजारात बसून वाटे करायचे. मासळी संपली नाही तर नंदाखालपर्यंत दारोदार जायचं.

"त्या घरी सुकेळी द्यायचे," तिने एका बंद दाराकडे बोट दाखवलं. सुकेळी म्हणजे पिकलेली राजेळी केळी सोलून उन्हात वाळवलेली. वसईकरांना सांगायला नको, बाहेरच्यांसाठी लिहिते. "पैसे नको म्हणायचो आम्ही. सुकेळी द्या म्हणायचो."

"तेव्हा तू कितवीत होतीस, आजी?" मुलाने विचारलं.

"कितवीत म्हणजे? शाळा संपली होती माझी."

"किती वर्षांची होतीस?"

"दहा."

मुलगा गप्प बसला. तो आठ वर्षांचा आहे. दादाने रिक्षाचा वेग उगाचच कमी केला. मी बाहेर बघत राहिले.

किल्ल्यात

अर्नाळ्याच्या किनाऱ्यावर दादाचं म्हणणं खरं ठरलं. पाणी खूप आत गेलं होतं. मामाच्या मुलाने होडीवाल्याला सांगून ठेवलं होतं, पण होडीपर्यंत जाताना आधी चिखल आणि मग गुडघाभर पाणी. मी आईचा हात धरला. तिने तो सोडवून घेतला, लुगड्याचा काठ वर खोचला आणि माझ्यापुढे चालायला लागली. मी शिक्षिका असले तरी चिखलात ती माझी शिक्षिका आहे. पाय कसा टाकायचा, टाच आधी की बोटं आधी, हे ती मागे न बघता सांगत होती.

होडीला दहाएक मिनिटं लागतात. अंतर इतकं कमी आहे की किनाऱ्यावरून बेटावरची घरं दिसतात. समोरून येणाऱ्या होडीत पाट्या घेतलेल्या बायका होत्या. आई प्रत्येकीचा चेहरा निरखून बघत होती. ओळखीचं कुणी निघालं नाही.

बेटावर उतरलं की वाळूत ओढलेल्या होड्या, जाळी आणि बोंबील वाळवायच्या वलांड्या. घरांच्या मागे किल्ल्याची तटबंदी. मुलाला किल्ला बघायचा होता. आई म्हणाली, "आधी समुद्राच्या अंगाला चला. किल्ला कुठे पळत नाही."

ती आम्हाला घरांच्या ओळीमागून पश्चिमेकडच्या किनाऱ्यावर घेऊन गेली. या बाजूची जमीन समुद्र वर्षानुवर्षं खातो आहे. माडांची मुळं उघडी पडली आहेत, घरं मागे सरकत गेली आहेत. आई वाळूतून खाली उतरली, पाण्याच्या दिशेने गेली आणि थांबली. तिथे ओल्या वाळूत दगडांची एक ओळ होती, शेवाळलेली. तिच्या काटकोनात दुसरी ओळ. बाकी काही नाही.

"हे आमचं जोतं," आई म्हणाली.

तेव्हा मला तीन पाऊण सव्वादोनचा अर्थ कळला. अमावस्या-पौर्णिमेनंतरच्या दूज-तीजेला ओहोटी लांबवर जाते. बाकीच्या दिवशी हे दगड पाण्याखाली असतात. मामाने तिला हे फोनवर सांगितलं होतं, आणि कधी जायचं ते तिने मनाशी ठरवून ठेवलं होतं. माझा निबंध हे फक्त निमित्त.

ती दगडांच्या आत शिरली. "इथे ओटा. इथे चूल. इथे बाबा जाळं विणायचे." पाण्यात बोट दाखवून म्हणाली, "तिकडे अंगण होतं. अंगणाच्या पुढे माड, माडाच्या पुढे वाळू, आणि मग समुद्र." मुलगा तिने दाखवलेल्या ठिकाणी जाऊन उभा राहिला, चुलीच्या जागेवर. त्याच्या पावलांवरून लाट गेली.

"आजी, आणि तुझी शाळा?"

आईने मागे, गावाकडे हात केला. "तिकडे. चौथीपर्यंत. चौथीला पहिली आले होते मी." हे मी कधीच ऐकलं नव्हतं. "गुरुजी घरी आले होते. याच ओट्यावर बसले. म्हणाले, पोरीला पाचवीला अर्नाळ्याला पाठवा. बय म्हणाली, रोज होडीत कोण बसवणार हिला? पावसात होडी बंद असते तेव्हा काय? आणि हा धाकटा कोण सांभाळणार? गुरुजी चहा पिऊन गेले. दोन दिवसांनी बयने मला लहान पाटी आणली."

आज शिक्षण हक्क कायदा आहे. पाचवीपर्यंतची शाळा एक किलोमीटरच्या आत आणि सहावीपासूनची तीन किलोमीटरच्या आत हवी, असा आपल्याकडचा नियम आहे. सहावीसाठी आईचं बेट त्या नियमातसुद्धा बसलं असतं. अंतर तीन किलोमीटरपेक्षा कमीच आहे. मध्ये पाणी आहे, एवढंच.

मी काहीतरी बोलायचं म्हणून म्हटलं, "मला सांगितलं नाहीस कधी."

"तू विचारलं नाहीस." ती जोत्याच्या दगडावरचं शेवाळ पायाने घासत होती. "तुझ्या डी.एड.च्या फॉर्मवर तू सातवी लिहिलं होतंस. आईचं शिक्षण, सातवी."

मला दरदरून घाम फुटला. सतरा-अठरा वर्षांची होते मी. फॉर्म घरी टेबलावर होता. 'आईचे शिक्षण' असा रकाना होता. माझ्याबरोबर फॉर्म भरणाऱ्या मैत्रिणींच्या आया दहावी, बारावी, एकीची तर पदवीधर. चौथी लिहायला हात धजला नाही. वाटलं, कोण तपासणार आहे?

"तू वाचलंस?"

"मला वाचता येतं. चौथी झालेय मी." मग हसली. "तेव्हा वाटलं, लिहायचंच होतं तर दहावी तरी लिहायचं."

दादा मोठ्याने हसला. मला हसू आलं आणि रडूही. मी तिची माफी मागितली. ती म्हणाली, "चल आता, पाणी फिरलं."

खरंच फिरलं होतं. दगडांची बाहेरची ओळ दिसेनाशी झाली होती.

मग आम्ही किल्ला बघितला. मुलांसाठी थोडी माहिती देते. गुजरातच्या सुलतानांनंतर हे बेट पोर्तुगीजांकडे गेलं. 1737 मध्ये ते मराठ्यांनी घेतलं आणि पहिल्या बाजीरावांच्या काळात इथे नव्याने किल्ला बांधला. दोन वर्षांनी, 1739 च्या मे महिन्यात, वसईही मराठ्यांकडे आली. मुख्य दरवाजावर वाघ आणि हत्ती कोरले आहेत, आणि वर देवनागरी शिलालेख आहे. मुलाने तो अक्षर अक्षर लावून वाचायचा प्रयत्न केला. आत त्र्यंबकेश्वराचं देऊळ, दर्गा, शेती आणि गोड्या पाण्याच्या विहिरी. चारी बाजूंनी खारं पाणी आणि विहिरीला गोडं, याचं मुलाला फार आश्चर्य वाटलं. आई लहानपणी इथून पाणी भरायची. शिलालेखाखालून ती रोज हंडा घेऊन जायची, पण वर कधी बघितलं नव्हतं म्हणाली. "हंडा असला डोक्यावर की वर बघता येतं का?"

परतताना पाणी भरलं होतं, होडी किनाऱ्याला लागली. आगाशीला थांबून सुकेळी घेतली. पैसे आईने दिले.

परत वर्गात

रविवारी रात्री मी निबंध लिहिला. फॉर्मची गोष्ट लिहू की नको, असा बराच वेळ गेला. लिहिली. मग वही घेऊन आईकडे गेले, सही हवी होती ना! तिने चष्मा लावला आणि ओळीखाली बोट ठेवून सगळं वाचलं. वीस मिनिटं लागली. 'वलांडी' मी चुकीचं लिहिलं होतं, ते तिने दुरुस्त केलं. शेवटी 'पालकाची सही' लिहून सोडलेल्या जागेत पूर्ण नाव लिहिलं, माहेरच्या आडनावासकट.

सोमवारी मी तो वर्गात वाचला. 'सातवी'च्या जागी वर्ग एकदम शांत झाला. नंतर एकाने विचारलं, "बाई, मग तुम्हाला शिक्षा झाली?" मी म्हटलं, झाली.

मग मी मुलांना तोच निबंध पुन्हा लिहायला दिला. पंधरा ओळींची अट काढली. फळ्यावर चार प्रश्न लिहिले :

1. कुणाबरोबर गेलात आणि ते माणूस कशासाठी निघालं होतं?
2. बरोबर काय सामान होतं? ते कुणी उचललं?
3. वाटेत त्या माणसाने तुम्हाला काय सांगितलं?
4. परत येताना काय वेगळं होतं?

तुमच्या वर्गात करून बघा. माझ्या वर्गात महाबळेश्वर एका वहीत उरलं, आणि ती मुलगी खरंच गेली होती. बाकीची मुलं गेली आजोळी, दवाखान्यात, वीटभट्टीवर, आत्याच्या लग्नाला टेम्पोतून. एकाने वडिलांबरोबर आधारकार्डाच्या रांगेपर्यंतचा प्रवास लिहिला, दोन पानं. पाऊणकीही आता फळ्याच्या कोपऱ्यात आहे. रोज एक मूल कॅलेंडरमधली तिथी बघून भरतीची वेळ काढतं.

पालकहो, तुम्ही रोज कामाला कुठून कसे जाता, तुमची शाळा कुठे होती आणि कशामुळे सुटली, हे मुलांना सांगा. त्यासाठी काही शिकलेलं असावं लागत नाही.

दादरवाल्या मुलाने मालडबा लिहिला, दोन बोटांसकट. मी त्याच्या आईला शाळेत बोलावून घेतलं आणि पालकसभेतल्या त्या बोलण्याबद्दल माफी मागितली. तिला ते बोलणं आठवत होतं. "क्लास नाही लावला, परवडत नाही," ती म्हणाली. मी म्हटलं, लावू नका, तुमचा फुलांचा हिशोब तुम्ही कसा करता ते मला सांगा. तिने सांगितलं. खरेदी, लोकलचा पास, हमाली, सुकून वाया गेलेला माल, मग उरलेले. सगळं तोंडी. आता तोच हिशोब तिचा मुलगा रोज संध्याकाळी तिला विचारून वहीत लिहितो, आणि खाली ती सही करते.